31 चे परत 4 झाले!!
आज क्रिप्टोग्राफीच्या (मेसेज गुप्त ठेवायचं शास्त्र) लेक्चरला सरांनी सीझरचा सायफर, म्हणजे त्याची गुप्त लिपी, दहा मिनिटांत उरकला, प्रत्येक अक्षर 3 घरं पुढे सरकवायचं बस्स, इंग्रजीत 25 चाव्या लावून बघितल्या की फुटलंच. मी शेजारणीला म्हटलं यापेक्षा आमची लहानपणीची 'च'ची भाषा बरी होती, पाणीचं चाणीप, आणि नेमकं सरांनी ऐकलं 🙈 मग काय, मीच फळ्यावर. आरएसए करून दाखव म्हणे, म्हणजे एका चावीने मेसेज लपवायचा आणि दुसरीने उघडायचा ती पद्धत. 3 आणि 11 घेतले, गुणाकार 33, पब्लिक की (लपवायची चावी) 3, आणि प्रायव्हेट कीसाठी (उघडायच्या चावीसाठी) मी आपली 33 नेच मॉड, म्हणजे भागून उरलेली बाकी, घेत बसले, उत्तर येईचना, कसं येणार, तिथे 3 आणि 11 मधून एकेक कमी करून 2 गुणिले 10 म्हणजे 20 घ्यायचे असतात! मग आले 7. मेसेज 4, त्याचा घन 64, त्यातून 33 गेले, उरले 31. आता 4 परत मिळवायला 31 चा सातवा घात... घामच फुटला, तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, अगं 31 म्हणजे 33 ला 2 कमी, उणे 2 धर ना! धरलं, आणि खरंच 4 परत आला. 1977 ची आयडिया आहे ही राव. खऱ्या चाव्या 2048 बिटच्या वगैरे असतात म्हणे, माझी मात्र दोन आकडी. ओढणीला अजून खडू लागलेलाच आहे.