स्टार्टर पिचरचं माप : इंदूरच्या तक्त्याची नोंद, मार्च ते ऑगस्ट

इंदूरमध्ये बेसबॉल बघणारी मराठी माणसं मोजकीच, पण स्कोअर लिहायची हौस या शहराला जुनी. होळकर क्रिकेट संघाच्या आठवणी ज्या घरांत अजून निघतात, तिथे चेंडूगणिक नोंद ठेवणं कुणाला शिकवावं लागत नाही. त्याच सवयीवर अमेरिकेतल्या मेजर लीगच्या स्टार्टर पिचरांचा (सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणाऱ्यांचा) आमचा तक्ता उभा आहे : एक्सेलची साधी फाइल आणि सोबत कागदी वही. या हंगामात तो नव्याने बांधला. कुठलाही आकडा घेण्याआधी विचारायचं, की यात पिचरचा स्वतःचा वाटा किती, आणि सोबतच्या आठ जणांचा, मैदानाचा, नशिबाचा किती. शिवाय आकडा विश्वासाचा होईपर्यंत त्याला हिरवा-लाल रंग द्यायचा नाही. म्हणून ही नोंद महिन्यांप्रमाणे आहे. जो रकाना ज्या महिन्यात बोलायला लागतो, तिथे तो येतो.

मार्चअखेर : साफसफाई

विजय-पराभवाचे रकाने काढले. स्टार्टरच्या नावावर विजय लागायला त्याने किमान पाच इनिंग (तीन आउटची एक) टाकाव्या लागतात, तो बाहेर पडताना संघ पुढे असावा लागतो, आणि ती आघाडी नंतर एकदाही जाता कामा नये. यातली पहिली अट तेवढी बऱ्यापैकी त्याच्या हातातली. नोलन रायनने १९८७ साली नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वांत कमी ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय आलेले; २.७६) आणि सर्वाधिक स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर; २७०) नोंदवले, आणि त्याचा हिशेब होता ८ विजय, १६ पराभव. जेकब डीग्रोमने २०१८ मध्ये १.७० ईआरए राखूनही फक्त १० सामने जिंकले. लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला, तो योग्यच.

‘क्वालिटी स्टार्ट’ (किमान सहा इनिंग, जास्तीत जास्त तीन अर्न्ड रन) हाही रकाना गेला. सहा इनिंग आणि तीन अर्न्ड रन म्हणजे ४.५० चा ईआरए, तो चालतो; नऊ इनिंग टाकून चार रन दिले तर ईआरए ४.००, पण तो दिवस नापास. असा चाळणीचा रकाना ठेवण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा बदल इनिंगच्या रकान्याचा. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या गोषवाऱ्यात) ६.२ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सहा इनिंग आणि दोन आउट. एक्सेलला ते कळत नाही, तो सरळ दशांश धरतो. ६.२ आणि ६.२ ची बेरीज तो १२.४ करतो, खरी बेरीज १३.१, म्हणजे ४० आउट. दोन सामन्यांत मिळून सहा अर्न्ड रन असतील, तर चुकीचा ईआरए ४.३५ येतो आणि बरोबर ४.०५. म्हणून आता फक्त आउट साठवायचे : पूर्ण भाग गुणिले ३, अधिक दशांशानंतरचा आकडा. ईआरए म्हणजे अर्न्ड रन गुणिले २७ भागिले आउट. इनिंग हवीच असेल तर दाखवण्यापुरती वेगळ्या रकान्यात काढावी, तिच्यावर हिशेब करू नये.

याच्याच जोडीला दुसरा खड्डा म्हणजे सामन्यागणिक ईआरए काढून त्यांची सरासरी घेणं. सात इनिंग शून्य रन, पुढच्या वेळी दोन इनिंग पाच रन. सरासरी ११.२५ दिसते, खरा ईआरए ५.००. आधी बेरीज, मग भागाकार.

एप्रिल : स्ट्राइकआउट, पण बॅटरमागे

पहिल्यांदा बोलायला लागतो तो स्ट्राइकआउटचा रकाना. तो दर नऊ इनिंगमागे न काढता दर बॅटरमागे काढावा. एका पिचरने इनिंगमध्ये तीन बॅटर खेळवून एक स्ट्राइकआउट घेतला, दुसऱ्याने सहा बॅटर खेळवून एक. नऊ इनिंगच्या हिशेबाने दोघेही ९.०. बॅटरच्या हिशेबाने पहिला ३३ टक्के, दुसरा १७. दुसऱ्याला संधी जास्त मिळाल्या, कारण तो बॅटरांना बेसवर (धावण्याच्या वाटेवरच्या थांब्यांवर) पोचू देत होता, आणि नऊ इनिंगवाला आकडा त्याचंच बक्षीस देतो.

हा आकडा साधारण ७० बॅटरांनंतर अर्धा खरा, अर्धा योगायोग अशा टप्प्यावर येतो. स्टार्टर एका सामन्यात २२-२५ बॅटर खेळवतो, म्हणजे तीन सामने. याचा तक्त्यात थेट उपयोग होतो : पिचरच्या खऱ्या नोंदीत लीगच्या सरासरीचे ७० बॅटर मिसळायचे. सध्या लीगमध्ये स्ट्राइकआउटचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास असतं. समजा कुणी ७५ बॅटरांत २७ स्ट्राइकआउट घेतले. उघडा आकडा ३६ टक्के. आता २७ मध्ये १५.४ मिळवा, ७५ मध्ये ७० मिळवा, उत्तर २९ टक्के. एप्रिलमध्ये वर्तमानपत्री मथळे ३६ वर नाचतात. पैज लावायची तर २९ वर लावावी.

कागदी वहीत प्रत्येक पिचला (पिचरने टाकलेल्या चेंडूला) पाच खुणांपैकी एक : बॉल (स्ट्राइक झोन या ठरावीक पट्ट्याबाहेरचा, न खेळलेला), पाहिलेला स्ट्राइक (झोनमधला, न खेळलेला), हुकलेला स्विंग, फाउल (रेषेबाहेर मारलेला), मैदानात मारलेला. २०२३ पासून पिच क्लॉक आहे, बेस रिकाम्या असताना १५ सेकंदांत पुढचा पिच सुरू व्हायला हवा, त्यामुळे खूण एका फटक्यात लिहिता आली पाहिजे. आम्ही अनुक्रमे ठिपका, उभी रेघ, फुली, तिरकी रेघ आणि गोल वापरतो. सामना संपल्यावर उभ्या रेघा आणि फुल्या मोजून एकूण पिचने भागायचं. २८-२९ टक्के म्हणजे बेताचं, ३० च्या वर सातत्याने राहिला तर पिचर उत्तम. फुल्यांचं वजन मनात जास्त धरावं. पाहिलेला स्ट्राइक अंपायरने दिलेला असतो आणि त्यात कॅचरचाही (बॅटरमागे बसून चेंडू घेणाऱ्याचा) हात असतो. काठावरचा चेंडू हातमोजा न हलवता शांतपणे घेणारा कॅचर पिचरला बरेच स्ट्राइक मिळवून देतो. बॅट हुकवणं मात्र पिचरचंच.

टीव्हीवर दिसणाऱ्या स्ट्राइक झोनच्या चौकटीवर भरवसा ठेवून बॉल-स्ट्राइकचा वाद वहीत घालू नये. सेंटर फील्डचा कॅमेरा बहुतेक मैदानांत थोडा बाजूला बसवलेला असतो, आणि चौकट सपाट, तर स्ट्राइक झोनला खोली असते. अंपायरने दिलं तेच लिहायचं.

वेळेचं गणित नव्या मंडळींसाठी : न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला, लॉस एंजेलिसचा ७:१० चा सकाळी ७:४० ला. पोहे-जिलबीच्या वेळेला पहिल्या दोन इनिंग होतात, उरलेलं रेकॉर्डिंगवर.

मे : वॉक

वॉकचा (चार बॉल टाकून बॅटरला फुकट दिलेल्या पहिल्या बेसचा) आकडा स्थिरावायला वेळ लागतो, साधारण १७० बॅटर, म्हणजे सात सामने. मिसळणीचा तोच हिशेब, फक्त ७० ऐवजी १७० आणि सरासरी ८ टक्के. ७५ बॅटरांत दोनच वॉक देणारा २.७ टक्क्यांवर दिसतो, मिसळल्यावर ६.४. यासाठीच ‘याचा कंट्रोल आता सुधारला’ असं विधान एप्रिलमध्ये तक्त्यावर लिहायचं नाही असं ठरलंय.

स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे टक्के वजा केले की तक्त्याचा कणा मिळतो. सरासरी स्टार्टर १४ च्या आसपास, २० च्या पुढे फार थोडे टिकतात, १० च्या खाली असलेला पिचर ईआरए कितीही देखणा असला तरी क्षेत्ररक्षकांच्या जिवावर उभा असतो. डीग्रोमचं २०१८ : ८३५ बॅटर, २६९ स्ट्राइकआउट, ४६ वॉक. ३२.२ वजा ५.५, म्हणजे २६.७. एकच रकाना ठेवायची परवानगी असेल तर आम्ही हाच ठेवू.

जून : एफआयपी

बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या व्होरोस मॅकक्रॅकनने २००१ च्या सुमारास मांडलं की मैदानात पडलेल्या चेंडूचा हिट (बॅटरला सुखरूप बेसवर नेणारा फटका) होतो की आउट, यावर पिचरांची पकड आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असते. क्रिकेट बघून आलेल्यांना हे पटायला जड जातं. पण तपासून पाहा : होम रन (मैदानाबाहेर मारलेला फटका) सोडून मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी साधारण ३० टक्के हिट होतात, आणि एकाच पिचरचा हा आकडा वर्षागणिक वरखाली होतो. तो स्थिरावायला २००० च्या आसपास चेंडू लागतात. पूर्णवेळ स्टार्टरला हंगामात पाचशेच्या आसपास मिळतात. म्हणजे चार वर्षं, आणि तोवर पिचर तोच राहिलेला नसतो.

टॉम टँगोचं एफआयपी (क्षेत्ररक्षण वगळून, ईआरएच्याच पट्टीवर काढलेलं पिचरचं माप) यावरचा उपाय. होम रन गुणिले १३, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू मिळून गुणिले ३, त्यातून स्ट्राइकआउट गुणिले २ वजा. या सगळ्याला इनिंगने (आउट भागिले ३) भागायचं आणि त्या वर्षाचा स्थिरांक मिळवायचा. डीग्रोमचं २०१८ पुन्हा : १० होम रन म्हणजे १३०, ४६ वॉक आणि ५ अंगावर म्हणजे ५१, तिपटीने १५३, स्ट्राइकआउटचे ५३८. बेरीज-वजाबाकी उणे २५५. २१७ इनिंगने भागून उणे १.१८. त्या वर्षीचा स्थिरांक ३.१६. उत्तर १.९८. ईआरए १.७०, म्हणजे थोडी मदत होती, पण मुळात तो तितकाच मोठा पिचर होता.

स्थिरांक दरवर्षी बदलतो. गेल्या वर्षीचा तसाच ठेवला की सगळे पिचर एकदम सुधारलेले किंवा बिघडलेले दिसतात, आणि सगळा तक्ता एका दिशेने सरकला तर पहिला संशय इथेच घ्यावा. काढायची रीत सोपी : पूर्ण लीगचे आकडे याच सूत्रात घालायचे आणि लीगच्या ईआरएतून ते उत्तर वजा करायचं.

एफआयपीला देव मानू नये. काइल हेंड्रिक्सचं २०१६ : ईआरए २.१३, त्या वर्षी मेजर लीगमध्ये सर्वांत कमी, एफआयपी ३.२०. त्याच्या संघाचं, शिकागो कब्जचं, त्या वर्षीचं क्षेत्ररक्षण अप्रतिम होतं, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की काही पिचर खरोखरच बॅटरकडून मऊ फटके मारून घेतात, आणि एफआयपीला ते दिसत नाही. नकलबॉल (जवळपास न फिरता डुलत येणारा चेंडू) टाकणाऱ्यांचंही तसंच. अशा पिचरांसाठी तक्त्यात शेरा आहे. दोन-तीन हंगाम ईआरए एफआयपीच्या खाली राहिला तरच त्याला श्रेय द्यायचं.

‘अर्न्ड’ या विशेषणावरही फार विसंबू नये. एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) ठरवतो स्कोअरर. हात लावून सोडलेला चेंडू एरर होतो, पण मंद शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जिथे पोचलाच नाही तो चेंडू हिट, आणि त्यातून आलेला रन पिचरच्या खात्यावर. म्हणून एकूण रनचा रकानाही शेजारी ठेवलाय.

जुलै : मैदान आणि काळ

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर, आपलं इंदूर ५५० च्या आसपास. तिथल्या विरळ हवेत मारलेला चेंडू लांब जातो आणि कर्व्ह कमी वळतो, असा दुहेरी मार. डेन्व्हरच्या कूर्स फील्डवरचा ४.०० ईआरए आणि समुद्रकाठच्या मैदानावरचा ४.०० एका रांगेत बसवणं अन्यायाचं आहे. ईआरए-प्लसमध्ये मैदान आणि लीग दोन्ही धरलेले असतात. १०० म्हणजे सरासरी, जास्त तेवढा चांगला. बॉब गिब्सनचा १९६८ चा १.१२ डोळे दिपवतो, पण त्या वर्षी सगळीकडेच रनांचा दुष्काळ होता. १९६९ पासून माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंचांवरून १० वर आणला गेला. पेड्रो मार्टिनेझचा २००० चा १.७४ आला तेव्हा अमेरिकन लीगचा ईआरए ४.९१ होता. ईआरए-प्लस : गिब्सन २५८, पेड्रो २९१. गिब्सनने ३०४ इनिंगांहून जास्त टाकल्या, पेड्रोने २१७, तेव्हा ओझं कुणी जास्त वाहिलं याचं उत्तर वेगळं येतं. त्यासाठी आउटचा रकाना ईआरए-प्लसच्या लगेच शेजारी ठेवलाय. एक न बघता दुसरा वाचू नये.

ऑगस्ट : तिसरी फेरी आणि एक सामना

बॅटर तोच पिचर तिसऱ्यांदा बघतो तेव्हा स्टार्टरचे आकडे घसरतात. थकवा हे एक कारण, ओळख हे दुसरं. पहिली, दुसरी, तिसरी फेरी असे तीन रकाने केलेत. वाचताना सावधगिरी हवी : ज्या दिवशी पिचर वाईट होता, त्या दिवशी तो तिसऱ्या फेरीपर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे तिसऱ्या रकान्यात चांगलेच दिवस जास्त भरतात. खरी घसरण आकड्यात दिसते त्याहून मोठी असते.

एका सामन्याचं माप म्हणून बिल जेम्सचा गेम स्कोअर ठेवलाय. ५० पासून सुरुवात; प्रत्येक आउटला १, चौथीनंतर पूर्ण केलेल्या प्रत्येक इनिंगला २, स्ट्राइकआउटला १; हिटला उणे २, अर्न्ड रनला उणे ४, अनअर्न्डला उणे २, वॉकला उणे १. केरी वूडने ६ मे १९९८ ला २० स्ट्राइकआउट आणि एक हिट असा सामना टाकला : ५० + २७ + १० + २० − २ = १०५.

आता २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना. टँपा बेचा ब्लेक स्नेल डॉजर्सविरुद्ध : ७३ पिच, ५.१ इनिंग, ९ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. पहिल्या तिन्ही बॅटरांना त्याने दोन-दोनदा स्ट्राइकआउट केलं होतं. सहाव्यात ऑस्टिन बार्न्सने दुसरा हिट मारला, पुढे मूकी बेट्स तिसऱ्यांदा येणार, आणि टँपा बेचा व्यवस्थापक केव्हिन कॅशने स्नेलला काढलं. बेट्सने बदली पिचर निक अँडरसनला डबल (दोन बेसचा फटका) मारला, मग वाइल्ड पिचवर (कॅचरला न आवरलेल्या भरकटलेल्या चेंडूवर) बार्न्स घरी आला. तो रन स्नेलच्या खात्यावर, कारण बार्न्सला बेसवर त्याने सोडलं होतं. गेम स्कोअर ५० + १६ + २ + ९ − ४ − ४ = ६९. वाइल्ड पिच दुसऱ्याचा, चार गुण स्नेलचे गेले, नाहीतर ७३. डॉजर्स ३–१ ने जिंकले.

तिसऱ्या फेरीच्या सरासरीने कॅशचा निर्णय समजू शकतो. पण सरासरी सगळ्या पिचरांची असते, आणि त्या रात्री फुल्यांची रांग दिसत होती. आमच्या मते काढायला नको होतं. यातून तक्त्यात दोन रकाने वाढले. पहिला, बाहेर पडताना बेसवर सोडलेले धावक आणि त्यांतले किती घरी आले. लीगच्या मानाने जास्त येत असतील तर त्या स्टार्टरचा ईआरए बुलपेनने (नंतर आलेल्या बदली पिचरांनी) बिघडवलाय. दुसरा, पहिल्या इनिंगच्या तुलनेत शेवटच्या इनिंगमधला फास्टबॉलचा वेग. ९५ मैलांवरून (१५३ किमी) ९३ वर आला आणि फुल्याही आटल्या तर थकवा खरा. वेग उतरला पण फुल्या टिकल्या तर एवढ्यात काढायचं कारण नाही. वेग फास्टबॉलचाच धरायचा, सगळ्या पिचची सरासरी नको. स्लायडर (फास्टबॉलपेक्षा हळू, वळणारे चेंडू) जास्त टाकले तरी सरासरी खाली येते आणि उगाच थकवा दिसतो.

सप्टेंबरमध्ये डावखुऱ्या-उजव्या बॅटरांची फोड घालायची आहे. प्रत्येक बाजूला पुरेसे बॅटर जमले नाहीत तर ती पुढच्या हंगामावर ढकलायची.