कोचने किती बोलावं, आणि कधी

सत्र संपता संपता खेळाडूचे फटके छान बसायला लागले की कोच खूश होतो, पालकही खूश होतात. दोन दिवसांनी तोच खेळाडू पुन्हा पहिल्यासारखा मारतो आणि ‘लक्ष देत नाही’ असा शेरा त्याच्या वाट्याला येतो. बहुतेक वेळा प्रश्न लक्षाचा नसतोच. त्या दिवशीची सुधारणा कोचच्या अखंड सूचनांवर उभी होती. सूचना थांबल्या, तशी तीही गेली. म्हणून शिकणं झालं की नाही हे त्याच सत्रात मोजू नये. पुढच्या सत्रात वॉर्म-अप झाला की एक अक्षर न बोलता १० प्रयत्न करायला लावावेत आणि त्यातले किती साधले ते वहीत लिहून ठेवावं. खरा आकडा तो.

प्रत्येक चेंडूनंतर बोलायची सवय फार महागात पडते. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र तपासून हेच मांडलं: निकाल दर वेळी सांगितला की सराव चालू असेपर्यंत कामगिरी चांगली दिसते, पण शिकणारा त्या सांगण्यावर विसंबतो आणि स्वतःच्या अंगाला काय जाणवलं ते वाचायला शिकत नाही. मैदानावर याची खूण सहज ओळखता येते. फटका मारल्या मारल्या खेळाडूची नजर चेंडूकडे न जाता कोचच्या चेहऱ्याकडे वळते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, आधी स्वीकारार्ह पट्टा ठरवणं. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस नेटजवळच्या ‘शॉर्ट सर्व्हिस लाइन’ या रेषेच्या मागे अर्ध्या मीटरच्या आत पडली तर गप्प राहायचं, बाहेर गेली तरच बोलायचं. हे खेळाडूला आधी सांगून ठेवावं, म्हणजे गप्प राहणं हाच ‘बरोबर’ असा निरोप होतो. दुसरा, बोलण्याआधी विचारणं: ‘कुठे गेली? का गेली?’ उत्तराला चार-पाच सेकंद लागू द्यावेत. अगदी नवख्याला सुरुवातीचे काही दिवस जास्त मदत लागते, हे खरं. पण हालचालीचा ढोबळ आकार आला की सूचना चार-पाच प्रयत्नांमागे एक, अशा विरळ करत न्याव्यात.

काय बोलायचं, हा प्रश्नही तितकाच मोठा. ‘कोपर वर, मनगट ताठ, गुडघा वाक’ ही आपल्या मैदानांची नेहमीची भाषा. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सिम्युलेटरवर शिकणाऱ्यांची तुलना केली. स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांपेक्षा पायाखालच्या चाकांवरच्या दाबाकडे लक्ष द्यायला सांगितलेले चांगले शिकले. लक्ष अवयवावर गेलं की आपोआप चालणारी हालचाल माणूस मुद्दाम चालवू लागतो आणि ती अडखळते. म्हणून ‘मनगट ताठ’ऐवजी ‘शटल नेटच्या पट्टीला जवळजवळ घासून जाऊ दे’; उडी शिकवताना ‘गुडघे सरळ कर’ऐवजी ‘जमीन खाली ढकल’. एका वेळी एकच सूचना. मात्र जड वजन उचलताना पाठ गोल होत असेल, तर तिथे आडवळण नको: थांबवायचं आणि पाठीबद्दल थेट सांगायचं.

प्रात्यक्षिक समोर तोंड करून दाखवलं तर शिकणाऱ्याला डावं-उजवं मनात उलटवावं लागतं. शक्यतो पाठमोरं आणि बाजूने, पूर्ण वेगात दोनदा, मग हळू एकदा दाखवावं, आणि कुठे बघायचं ते आधीच सांगावं. दाखवताना व्याख्यान नको.

आता ड्रिल. एकच सर्व्हिस सलग ३० वेळा मारली की ती सुधारताना दिसते, म्हणून हे ड्रिल सगळ्यांना प्रिय. गूड आणि मॅगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या शॉर्ट, लाँग आणि ड्राइव्ह सर्व्हिस तीन क्रमांनी शिकवून पाहिल्या. ज्यांनी तिन्ही सर्व्हिस मिसळून मारल्या, त्यांची सर्व्हिस नंतरच्या चाचणीत आणि कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने मारताना सरस ठरली. कारण उघड आहे: मिसळलेल्या सरावात प्रत्येक वेळी निर्णय नव्याने घ्यावा लागतो, आणि सामन्यात तेच करायचं असतं. अडचण एवढीच की असा सराव दिसायला गचाळ असतो, आणि बाहेर बसलेल्या पालकांना वाटतं, आज काही शिकवलंच नाही. नवख्याला थेट मिश्रणात टाकू नये. १० पैकी सहा-सात प्रयत्न ढोबळ जमू लागेपर्यंत एकच प्रकार, मग दोन आलटून पालटून, मग तिन्ही कुठल्याही क्रमाने.

बऱ्याच चुका मात्र बोलून सुधारतच नाहीत. तिथे काम बदलावं लागतं. बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटरवर असते. आठ वर्षांचं मूल तिथे पोहोचायला चेंडू कमरेपासून भिरकावतं. हा आळस नाही, ताकदीचा हिशोब आहे. मिनी बास्केटबॉलची २.६० मीटरची रिंग आणि ५ नंबरचा चेंडू दिला की कोपराबद्दलची अर्धी भाषणं वाचतात. टेनिसमध्ये याचसाठी नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असा लाल चेंडू आणि छोटं कोर्ट असतं. फुटबॉलमध्ये कोनांमधून (जमिनीवर मांडलेल्या शंकूंमधून) ड्रिबलिंग करणारी, म्हणजे चेंडू पायाने ढकलत नेणारी मुलं मान खाली घालून खेळतात, कारण कोन चेंडू हिसकावत नाही. एक कोन काढून तिथे फक्त आडवा सरकू शकणारा खेळाडू उभा केला की नजर आपसूक वर येते. तो फारच चेंडू काढून घेत असेल तर त्याला ओरडू नये, जागा दोन पावलांनी रुंद करावी.

मुरलेल्या खेळाडूची ग्रिप किंवा पवित्रा बदलायचा असेल तर कामगिरी आधी घसरणार, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगावं. स्पर्धा तोंडावर असताना असा बदल काढूच नये. जुनं सुटलेलं असतं, नवं हातात बसलेलं नसतं, आणि दडपणाखाली दोन्हींची खिचडी होते. हंगाम संपल्यावर हात घालावा: आधी विनाचेंडू, मग हाताने टाकलेल्या सोप्या चेंडूवर, मग हलत्या पायांनी, आणि गुण मोजायचे ते सगळ्यात शेवटी.