नक्षी नको, पातं दाखवा

सांगलीच्या विश्रामबागेत मी डबे करून देते. सकाळचा निम्मा वेळ कांदे आणि कोबी चिरण्यात जातो. सासूबाई विळीवर बसल्या की माझ्या दुप्पट वेगानं चिरतात, पण मला ओट्याशी उभं राहूनच काम उरकायचं असतं. म्हणून चांगली सुरी शोधायला निघाले.

मारुती रोडवर दुकानदारानं आधी नागमोडी नक्षीची सुरी पुढं केली. "वहिनी, दमास्कस आहे." असेल. दमास्कस म्हणजे थरावर थर दिलेलं पोलाद, नक्षी त्या थरांची. पण खऱ्या थरांच्या सुरीतही कापतं ते मधलं पोलाद. स्वस्तातल्यांवर तर नक्षी नुसती वरून उठवलेली असते. कांद्याला त्याचं काय!

मी बघत होते ते धारेच्या लगेच वरचं पातं किती पातळ आहे. तिथं जाड असेल, तर धार कितीही लावा, गाजर चिरलं जात नाही, पाचर ठोकल्यासारखं कट्कन फुटतं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून कोयते करणाऱ्या लोहाराकडची सुरी इथंच मागं पडली. पोलाद झकास, पण पातं ऊस तोडायच्या बेताचं. शिवाय टोमॅटो-लिंबानं काळं पडणार, पुसायला विसरलं की गंजणार. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळं ती कटकट कमी.

मग कडकपणा. रॉकवेल मापानं साध्या सुऱ्या साधारण 52 ते 56, जपानी बऱ्याचदा 60 च्या वर. कडक पोलादाची धार टिकते खरी, पण चुकून नारळावर बसली तर टवका उडतो. डब्याच्या घाईत असली नाजूक वस्तू कोण सांभाळणार? मी 56 च्या आसपासची, प्लॅस्टिकच्या मुठीची, आठ इंची साधी सुरी घेतली. दिसायला अगदीच सुमार, पण पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता कापते.

नक्षीवाल्या सुरीच्या पैशांत ही सुरी आणि धार लावायचा, एका बाजूनं 1000 आणि दुसऱ्या बाजूनं त्याहून बारीक 3000 ग्रिटचा दुहेरी दगडही आला. मिरजेच्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, ती कामं करता करता सतारी बनवायला घेतल्या, त्यालाही दीडशेहून जास्त वर्षं झाली. तेव्हा धार आपली आपणच लावायची! पातं दगडाशी 15 ते 20 अंशांत धरायचं आणि दुसऱ्या अंगाला बोटाला बारीक कोर, म्हणजे पोलादाची वळलेली किनार, लागेपर्यंत घासायचं. मग बाजू बदलायची.

दुकानदार सोबत काचेचा चॉपिंग बोर्ड निम्म्या किमतीत देत होता. तो नाही घेतला. काचेवर चांगली धारसुद्धा बघता बघता मरते.