खारपाणपट्ट्यातला हिरवा डाग

कापूस वेचणीचे दिवस. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या मुलाम्याच्या शेडात एका बाईंनी कानातल्यांचा जोड टेबलावर ठेवला. "कानाले खाज सुटे म्हणून बिननिकेलचे घेतले भाऊ, अन् पंधरा दिवसांत हिरवे झाले!" त्याच लॉटचे एकोणीस जोड दुकानदाराकडूनही परत आले होते.

डायमिथाइलग्लायॉक्झिम आणि अमोनियाचा बोळा घासला; निकेल असेल तर तो गुलाबी होतो. झाला नाही. निकेल नव्हतंच. हिरवं होतं ते तांब्याचं, आणि भिंगाखाली बहुतेक डाग तारेला डाख दिलेल्या सांध्यात दिसले.

थर असे: पितळेवर 8 मायक्रॉन अ‍ॅसिड कॉपर (आम्लाच्या द्रावणातून चढवलेलं तांबं), त्यावर 3 मायक्रॉन व्हाइट ब्रॉन्झ (तांबं, कथील, जस्त), वर 0.1 मायक्रॉन सोनं. एवढं पातळ सोनं म्हणजे चाळणीच. घामाचं मीठ छिद्रात शिरलं की सोनं कॅथोड होतं, म्हणजे स्वतः शाबूत राहतं, आणि खालचं तांबं जास्तच वेगानं झिजतं. पण सांध्यातच का?

एक कारण मुलाम्याचा करंट. खाचेत तो कमी पोचतो, म्हणून थर पातळ बसतो. नागपूरहून एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी थर मोजणाऱ्या यंत्रावर) जाडी मोजून आणली, तर सांध्यात व्हाइट ब्रॉन्झ 1 मायक्रॉनही नव्हता.

दुसरं कारण खाचेत अडकणारं पाणी. आरओ बंद असताना शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यात झालं होतं, आणि पूर्णेकाठचं बोअर म्हणजे खारं. बोअरच्या नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकताच दुधासारखं पांढरं झालं, ही मिठाची खूण. ही तपासणी नळाच्याच पाण्याची करावी. धुण्याच्या टाकीत मुलाम्याच्या द्रावणातलं सायनाइड आलेलं असतं, तेही पांढरंच देतं.

खात्रीसाठी एकाच जिगवरचे (माल टांगायच्या सांगाड्यावरचे) जोड निम्मे बोअरनं, निम्मे डीआयनं (क्षार काढलेल्या पाण्यानं) धुतले. लिटरमध्ये 5 ग्रॅम मीठ, 1 ग्रॅम युरिया, 1 ग्रॅम लॅक्टिक आम्ल, पीएच 6.5, अशा कृत्रिम घामात भिजवलेल्या कापसावर ते झाकून 30 अंशांवर ठेवले. बोअरचे तिसऱ्या दिवशीच सांध्यात हिरवे. डीआयचे सातव्या दिवशी, तेही दोनच.

त्या दोनसाठी जिगवर सांधा अ‍ॅनोडकडे (टाकीतल्या धन टोकाकडे) फिरवला, व्हाइट ब्रॉन्झची वेळ 4 मिनिटांवरून 7 केली. सोन्याखाली 0.2 मायक्रॉन पॅलेडियम हा महागडा धातू दिला तर उत्तमच, पण या किमतीच्या मालाला ते झेपत नाही. शेवटची दोन धुणी आता डीआयची, दुसरं गरम. आरओ बंद तर काम बंद.

पोकळ झुमक्यांच्या पोटात मात्र अजूनही पाणी अडकतं. त्यांची ऑर्डर तूर्त घेत नाही.