भट्टीतले वेफर्स आणि बाहेरचा फोन

३ एप्रिल २०२४ ला सकाळी ७ वाजून ५८ मिनिटांनी तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, हुआलिएनजवळ ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मी तेव्हा तैवानमधल्याच शिन्चू शहरात, आमच्या फॅबच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या आत होतो. पाळी हातात घेऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. छताखालच्या रुळांवरून वेफर्सचे (ज्यांच्यावर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचे) डबे नेणाऱ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या, गॅसचे व्हॉल्व्ह आपोआप बंद झाले आणि आम्ही पांढऱ्या सूटमध्येच बाहेर पडलो. मैदानात हजेरी झाली. कुणालाही लागलं नव्हतं. १९९९ च्या भूकंपात शिन्चूचं हे औद्योगिक क्षेत्र वीज जाऊन ठप्प झालं होतं. त्यानंतर इमारती आणि यंत्रांच्या बांधणीवर इथे जे काम झालंय, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

गॅसवाल्यांनी गळती तपासून हिरवा कंदील दिला, की निवडक माणसं परत आत जातात. आमच्या विभागातून सगळ्यात आधी आत गेला तो आमचा सीनियर टेक्निशियन. तो मूळचा हुआलिएनचा. आई तिथेच राहते, आणि सकाळपासून तिचा फोन लागत नव्हता.

फॅबमध्ये कॅमेऱ्याचा मोबाइल नेता येत नाही. धुळीचा कणही नको, म्हणून साधी पेन्सिल चालत नाही, चेहऱ्याला पावडर चालत नाही, कागदसुद्धा धागे न सुटणारा खास लागतो. सूट चढवून, हवेच्या झोतातून आत जायला आणि तसंच बाहेर यायला वेळ जातो, त्यामुळे मधेच 'जरा फोन बघून येतो' असं करता येत नाही. त्याने आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बहिणीचा आला तर उचल."

आता ती भट्टी, जिच्यासाठी तो आत गेला. आमच्या उभ्या भट्टीत क्वार्ट्झची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेची, नळी असते. तिच्यात क्वार्ट्झच्याच उंच चौकटीत (तिला आम्ही 'बोट' म्हणतो) शंभराच्या वर वेफर्स एकावर एक, खाचांमध्ये बसवलेले असतात. एकेक वेफर ३०० मिलिमीटर व्यासाचा, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्या वेळी ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास वेफर्सवर सिलिकॉन नायट्राइड या विद्युतरोधक पदार्थाचा थर चढत होता. मध्येच सगळं थांबलं. अशा वेळी दोन्हीकडून पंचाईत असते. बोट तशीच गरम काढली तर वेफर्स वाकतात. नळी पूर्ण थंड होऊ दिली तर आतल्या भिंतीवर साचलेला थर क्वार्ट्झपेक्षा जास्त आकसतो, त्याचे पापुद्रे सुटतात, कधी नळीच तडकते. म्हणजे नायट्रोजन सोडत, टप्प्याटप्प्याने, एका ठरावीक तापमानापर्यंतच उतरायचं. त्यात धक्क्याने एखादा वेफर खाचेतून सरकून नळीला टेकला असेल, तर बोट खाली घेताना तो अडकणार, फुटणार आणि खालच्या सगळ्यांना घेऊन कोसळणार.

स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही. सेन्सर सांगतात की बोट जागेवर आहे. वेफर्स जागेवर आहेत का, हे ते सांगत नाहीत. त्याने यंत्र मॅन्युअलवर घेतलं आणि बोट थोडी थोडी खाली घेतली. प्रत्येक वेळी थांबायचा, टॉर्च तिरपी धरून कडा बघायचा, कान लावायचा. क्वार्ट्झवर सिलिकॉन घासल्याचा आवाज त्याला पंख्यांच्या घरघरीतही ओळखू येतो. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. मी पीएचडी केलेला माणूस आहे, बाहेर बसून आलेख बघत होतो, पण त्या दिवशी भट्टी वाचवणारे हात आणि कान त्याचेच होते. बढत्या मात्र आलेखवाल्यांना मिळतात.

समोर टीव्हीवर हुआलिएनची ती कललेली विटकरी इमारत पुन्हा पुन्हा दाखवत होते. दुपारी त्याचा फोन वाजला. बहीण भराभर बोलत होती. माझी मँडरिन कामापुरती, पण 'आई शाळेत आहे, पायाला थोडं लागलंय' एवढं कळलं. मी आतल्या लँडलाइनवर कळवलं. पलीकडे बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग त्याने विचारलं, "कुठल्या पायाला?" ते मी विचारलं नव्हतं. बहिणीला परत फोन लावून विचारलं. डाव्या.

बोट संध्याकाळी सुखरूप बाहेर आली. चार वेफर्स सरकले होते, एकही फुटला नव्हता. मग रोबोच्या हाताला सगळ्या जागा नव्याने शिकवायच्या, चाचणीचे वेफर्स घालून त्यांच्यावर पडलेल्या धूलिकणांची मोजणी करायची, थराची जाडी तपासायची. दुसऱ्या दिवसापासून छिंगमिंगची सुट्टी होती. लोक गावी जाऊन पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करतात, तेच दिवस. आमच्यापैकी निम्मे फॅबमध्येच होते.

नंतर विभागाला कौतुकाची ईमेल आली. किती यंत्रं किती तासांत सुरू झाली, किती वेफर्स वाचले, सगळे आकडे होते. त्याचं नाव नव्हतं. २०२२ मध्ये पुण्याजवळच्या तळेगावला होणार असलेला वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हापासून पुण्याचे मित्र मला विचारतात की आपल्याकडे फॅब कधी येणार. चर्चा जमिनीची, पाण्याची, सबसिडीची. भट्टीला कान लावणारी माणसं तयार व्हायला किती वर्षं लागतात आणि त्यांना कसं सांभाळायचं, यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

मी मॅनेजरला लिहिलं, की घरचे भूकंपग्रस्त भागात असलेल्यांना आधी मोकळं करायचं, हे आपत्कालीन आराखड्यातच घाला. उत्तर आलं, की आराखडा यंत्रांच्या अग्रक्रमावर बेतलेला आहे.

त्याला हे सांगितलं तर तो माझ्यावरच वैतागला. म्हणाला, "त्या दिवशी पूर्वेकडची रेल्वे बंद, हुआलिएनला जाणाऱ्या सुहुआ रस्त्यावर दरडी. मोकळा होऊन जाणार कुठे होतो? आत होतो म्हणून निदान हाताला काम होतं." त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण त्याला आत जायचंय का, हे त्या सकाळी कुणी विचारलंही नव्हतं, आणि ते मला अजून खटकतं. अर्ज मी मागे घेतलेला नाही. आमच्या विभागापुरतं एवढंच झालंय, की आता असा प्रसंग आला तर आत गेलेल्यांचे मोबाइल सांभाळायला बाहेर एक माणूस नेमतात, आणि तो मँडरिन नीट बोलणारा असतो.