दोन बोटांवर ओढलेलं धनुष्य: ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या नोंदी

१० ऑगस्ट २०२५, रविवार
लेकाला कॅचिंगचा सराव देत होते. सीझन बॉल होता. एक उंच झेल ओंजळीत बसलाच नाही, उजव्या अनामिकेच्या टोकावर सरळ आदळला. दुखलं फार नाही, पण बोटाचं शेवटचं पेर खाली झुकलं ते वर येईना. डाव्या हाताने उचललं की सरळ होतं, सोडलं की पुन्हा पडतं. उजवा हात म्हणजे माझा धनुष्याची दोरी ओढायचा हात.

१२ ऑगस्ट
एक्स-रेत हाड शाबूत. दुखण्याचं नाव मॅलेट फिंगर. शेवटचं पेर सरळ करणारं, बोटाच्या पाठीवरून जाणारं टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा) तुटलं आहे. ऑपरेशन नको, पण सहा आठवडे चोवीस तास स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारा साचा. थेरपिस्ट बाईंनी मला तीनदा बजावलं की या काळात टोक एकदा जरी वाकलं, तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

भारतातल्या वाचकांसाठी सांगते, इथे मिशिगनमध्ये धनुष्यबाणाचा हरणांचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो आणि त्याचा पहिला टप्पा १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. १५ नोव्हेंबरला बंदूकवाले रानात येतात. स्प्लिंट २३ सप्टेंबरला निघेल, म्हणजे आठ दिवस हातात. घरी येईपर्यंत मनात वेळापत्रक तयार होतं.

१७ ऑगस्ट
धनुष्यवाल्यांच्या ग्रुपमधल्या दोघांनी विचारलं, अनामिका बाजूला ठेवून तर्जनी आणि मध्यमेने का ओढत नाहीस? मीही हेच विचारलं होतं. बाईंनी एक प्रयोग करायला लावला, तुम्हीही करून पाहा. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताने अनामिका सरळ दाबून धरा आणि मध्यमेचं फक्त शेवटचं पेर वाकवायचा प्रयत्न करा. अनामिकाही आत ओढ घेते. पेर वाकवणारा स्नायू कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात आहे आणि मध्यमा, अनामिका, करंगळीची टेंडनं त्याच मांसल भागातून निघतात. म्हणजे मध्यमेने दोरी धरली की स्प्लिंटमधलं बोटही वाकू पाहणार. मला पटलं. उजव्या हाताने दोरी बंद.

त्याऐवजी दोन गोष्टी सुरू केल्या. व्यायामाचा रबरी पट्टा दाराच्या बिजागरीला बांधला, दुसरं टोक उजव्या कोपराच्या वर दंडात अडकवलं आणि बोटं न वापरता नुसत्या कोपराने मागे ओढायला लागले. पाठ तीच, खांदा तोच, हात मात्र मोकळा. रोज वीस वेळा, प्रत्येक वेळी आठ आकडे मोजेपर्यंत धरून. दुसरं म्हणजे क्लबचं २० पाउंडांचं (ओढायला तेवढा जोर लागणारं) डावखुरं धनुष्य आणलं. धनुष्य उजव्या हातात. मूठ आवळायची नसते, अंगठ्याच्या खालच्या गादीवर भार येतो, म्हणून बाईंची हरकत नव्हती.

अंगठ्याने ओढायचाही विचार केला. तुर्की आणि कोरियन पद्धतीत अंगठ्यात कडं घालून ओढतात. पण त्यात उजव्या हाताच्या माणसाचा बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला बसतो, आणि माझ्या धनुष्याचं शेल्फ, म्हणजे बाण टेकवायची खाच, कापलेलं आहे डावीकडे. शिवाय दोन महिन्यांत नवी विद्या शिकून जिवंत जनावरावर बाण सोडणं मला मंजूर नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
लिहायला जड जातंय. मोदकांची उकड मळताना स्प्लिंटच्या आत पाणी गेलं. कातडी पांढरी पडून भिजली होती, म्हणून बदलायला घेतला. नियम असा की बोट टेबलावर सपाट ठेवूनच स्प्लिंट बदलायचा. मी सिंकपाशी उभ्या उभ्या काढला, आणि टोक पडलं.

बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, आजची तारीख लिहून ठेवा एवढंच म्हणाल्या. सहा आठवडे आजपासून. म्हणजे ८ ऑक्टोबर, हंगाम उघडल्यावर आठवडा. आरतीला टाळ्या वाजवता आल्या नाहीत, नुसती उभी राहिले.

१४ सप्टेंबर
डाव्या हाताने पाच यार्डांवरून, डोळे मिटून, गवताच्या गाठोड्यावर रोज तीस बाण. माझा प्रबळ डोळा उजवा आहे, त्यामुळे डावीकडून नेम धरायला गेले की सगळं तिरकं दिसतं. डोळे मिटले की तो प्रश्न मिटतो. नव्या हाताला जुन्या खोडी नसतात. डावा हात दोरी सोडताना मागे जातो, उजवा गेली चार वर्षं जागच्या जागी उघडतो. हे मला व्हिडिओ बघून कधी कळलं नव्हतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हंगाम आज उघडला. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांनी सुरी आणि विळीशेजारी माझं धनुष्य पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. "बोट बरं झाल्याबिगर ह्याला हात लावायचा न्हाई," म्हणाल्या. शिकारीतल्या एका मित्राने पहाटे तो बसलेल्या जागेचा फोटो पाठवला. बराच वेळ बघत राहिले.

८ ऑक्टोबर
स्प्लिंट निघाला. पेर साधारण दहा अंश झुकलेलं राहिलंय, बाई म्हणाल्या तेवढं राहतं पुष्कळांचं. आता रात्री आणि जोराच्या कामाला स्प्लिंट, दिवसा मोकळं. धनुष्य हे जोराचं काम, तेव्हा स्प्लिंट घालून, दोन बोटांनी, हलक्या वजनापासून.

१५ ऑक्टोबर
इथे खरं काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं धनुष्य बेअर कंपनीचं ग्रिझली, ५० पाउंडांचं, एकसंध. लिम्ब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात, बदलता येत नाहीत. ५० हा आकडा २८ इंच ओढल्यावरचा. मी ओढते साडेसव्वीस, माझ्या बोटांवर येतात सुमारे ४६. तीन बोटांत वाटले तर प्रत्येकी पंधरा. तेच दोन बोटांवर घेतलं तर प्रत्येकी तेवीस. नको. मित्राकडून टेकडाउन रिकर्व्ह (भाग सुटे करता येणारं धनुष्य) आणलं, ३० आणि ४५ पाउंडांच्या लिम्बच्या दोन जोड्यांसह. आधी ३०, मग ४५. काट्यावर माझ्या ओढीला ४१ भरले.

पूर्वी मी एक बोट बाणाच्या वर, दोन खाली अशी धरायची. आता दोन्ही खाली. टॅबचा (दोरी धरताना बोटांवर घालायच्या पट्टीचा) अनामिकेचा भाग कात्रीने कापून टाकला. पहिले बाण शेल्फवर आपटून शेपूट उडवू लागले. नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची खूण, थोडा वर सरकवल्यावर शांत झाले. मग सगळे खाली लागायला लागले, कारण ओठाच्या कोपऱ्यात येणारी तर्जनी पूर्वी बाणाच्या वर असायची, आता खाली असते. बाण डोळ्याच्या जवळ आला. याला उपाय नाही, नजर नव्याने बसवावी लागते.

वजन उतरल्यामुळे जुने बाण ताठ ठरले. चाचणीसाठी सोडलेला पिसं नसलेला बाण पिसांच्या बाणांपेक्षा हातभर डावीकडे जाऊ लागला. १२५ ग्रेनचं (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं बारीक माप) टोक काढून २०० ग्रेनचं लावलं, दोन दिवस घोळ घातला, तेव्हा दोन्ही एकत्र पडले. पूर्ण बाण आता ४९० ग्रेनचा. सावकाश जातो, पण आवाज जवळपास नाही. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार टोक, दोन पात्यांचं. ४१ पाउंडांना तीन पाती आत ढकलायला जोर पुरेलच असं नाही. धार लावायचं काम नवऱ्याला दिलंय. बोट कापून घ्यायचं हे वर्ष नव्हे.

दिवसाला वीस बाणांच्या वर नाही. मध्यमेला फोड आला तेव्हा दोन दिवस बंद.

२२ ऑक्टोबर
रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी एकच बाण. सराव न करता, थंड हाताने, जाड जाकीट घालून, स्टुलावर बसून. रानात असाच एक मिळतो. नेमाला आठ इंचांची कागदी थाळी, कारण हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण तेवढाच. संध्याकाळचे बाण या हिशोबात नाहीत, संध्याकाळी हात गरम असतो आणि सगळे लागतात.

जेवणाच्या सुट्टीत घरून काम असलं की आणखी एक. आतापर्यंत १२ यार्डांवरून दहातले नऊ थाळीत. १५ वरून दहातले सहा.

दोन वर्षांपूर्वी २० यार्डांवरून एका मादीवर बाण सोडला होता. त्या दिवशी माझी दहाही बोटं धड होती. बाण खांद्याच्या हाडात बसला. रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. थेंब ओढ्यापाशी संपले. ती सापडली नाही. त्या ओढ्याची जागा मला आजही डोळे मिटून दाखवता येईल. म्हणून यंदाची मर्यादा १२ यार्ड. साडेबारा यार्डांवर हरीण असलं तरी दोरीला हात लावायचा नाही. सहाचे नऊ होतील तेव्हा १५ चा विचार, बहुतेक पुढच्या वर्षी.

२६ ऑक्टोबर
शनिवारी, १ नोव्हेंबरला निघतोय. मैत्रिणीची जमीन ग्रेलिंगच्या पुढे आहे. बेअर कंपनीच्या फ्रेड बेअर यांनी १९४७ साली डेट्रॉइटहून कारखाना हलवला तो याच गावात, त्यामुळे माझ्या ग्रिझलीला माहेरी न्यायची फार इच्छा होती. यंदा ती घरीच राहील.

झाडावरचा मचाण रद्द. शिडीवर भार अनामिकेसकट चार बोटांवर येतो आणि ती अजून पकड देत नाही. जमिनीवर पडलेल्या सीडर झाडाच्या आड बसणार. पायवाट तिथून ९ ते ११ यार्डांवर आहे, मैत्रिणीने टेप लावून मोजली. माजाचे दिवस आहेत, नर वारा न बघताही येतात, पण मी वारा बघूनच बसेन.

थंडीत पेर लाकडासारखं होतं. उजव्या हातमोज्याची तर्जनी आणि मध्यमा कापली, अनामिका लोकरीत तशीच ठेवली, स्प्लिंटसकट. खिशात हात गरम करायची पुडी. दुसरा टॅब, दुसरा स्प्लिंट, चिकटपट्टी.

आज सकाळचा बाण, ११ यार्ड, थाळीच्या मध्यापासून दोन इंच खाली.