आषाढीच्या सकाळी काकू आकडे चुकायला लागल्या तेव्हा

मी घरी जाऊन पर्सनल ट्रेनिंग देतो, पुण्यात कोथरूड साइडला. या काकू ६१ वर्षांच्या, दहा वर्षं डायबेटिस, आणि त्यांना हवं होतं एकच, पूजेला खाली बसलं की कुणाचा हात न धरता उठता यावं. चार महिने झाले होते, प्रोग्रेस मस्त चालली होती.

आषाढी एकादशीला सकाळी साडेसहाला पोचलो, वॉर्मअप झाला आणि सहा किलोचा डंबेल छातीशी धरून स्क्वॉट सुरू केले. काकू नेहमी मोठ्याने मोजतात. पाच, सहा, सात, परत सहा, परत सात... मी म्हटलं काकू आठ, तर त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नजर कुठेतरी भलतीकडेच. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, आणि डंबेल घ्यायला हात लावला तर बोटं गार पडलेली, थरथरत होती. खुर्चीत बसवलं आणि विचारलं सकाळपासून काय खाल्लं? "काही नाही रे, उपास ना आज. बिनसाखरेचा चहा घेतला आणि गोळी घेतली."

काकांनी ग्लुकोमीटर आणला. ५८. सत्तरच्या खाली गेली की शुगर लो धरतात. काका घाईघाईत पेढा घेऊन आले, मी नको म्हटलं, कारण पेढ्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात चढायला वेळ लागतो, अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. काकू शुद्धीत होत्या, गिळता येत होतं म्हणूनच तोंडाने दिलं, नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठायचं. पंधरा मिनिटं मी त्यांचा हात धरून बसलो होतो, वेळ मला आयुष्यात कधी इतका लांब वाटला नव्हता. परत चेक केलं तर ८६. मग दूध आणि केळं दिलं.

मला आजही वाईट वाटतं ते याचं की त्यांच्या फॉर्मवर मी फक्त "डायबेटिस : हो" लिहून मोकळा झालो होतो, कुठली गोळी, खायच्या आधी की नंतर, काहीच विचारलं नव्हतं. ती ग्लिमेपिराइड निघाली, म्हणजे पोटात अन्न असो नसो, शुगर खाली आणणारी, आणि वर व्यायाम. त्याच दिवशी काका त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, डॉक्टरांनी उपासाच्या दिवशीचं गोळ्यांचं टाइमटेबलच वेगळं लिहून दिलं. गोळ्यांना मी हात लावत नाही, ते माझं कामच नाही.

खाण्याचं मात्र आम्ही दोघांनी बसून ठरवलं. उपास सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांची ४० वर्षांची एकादशी आहे. पण शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नसतं, म्हणून खिचडी वाटीभरच, बाकी राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी, आणि व्यायाम खाऊन झाल्यावर तासाभराने.

पुढच्या एकादशीला सकाळी सहालाच काकूंचा फोन, "शुगर १२४ आहे, भाकरी-दही खातेय, तू साडेसातला ये."